लाथ

दिवाळी अंकाला शोभेल असा विषय घ्यावा, असा संकेत आहे. तो संकेत पाळूनच मी लाथेवर लिहायला बसले आहे, असे म्हटले तर वाचक चकलीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे संशयाने पाहतील. पण नरकचतुर्दशीची पहाट जरा आठवून पाहा. उटणे लावून झाले आहे, दोन तांबे कढत पाणी अंगावर पडले आहे आणि तुळशीवृंदावनापाशी ते हिरवे, कडूजहर कारीट मांडून ठेवले आहे. ते हाताने फोडायचे नाही की दगडाने ठेचायचे नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे. कारण ते फळ नव्हे, नरकासुर आहे. दोन दिवसांनी पाडवा येतो, त्या दिवशीही पाऊल आहेच. वामनाचे तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर पडते आणि बळी पाताळात जातो. विजय वामनाचा खरा. पण ओवाळताना आमच्या आयाबाया राज्य मागतात ते बळीचे! ज्याच्या डोक्यावर पाय पडला त्याची आठवण ठेवण्याचा हा आमचा रिवाज मला फार आवडतो. असो. सांगायचे एवढेच, की दिवाळीत पायाचा विषय अगदी परका नाही.

मात्र मला लिहायचे आहे ते एका निराळ्या लाथेविषयी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, आमच्या या उपनगरांत जिथे म्हणून चार इमारतींच्या मध्ये मातीचा एक तुकडा शिल्लक राहिला आहे, तिथे संध्याकाळी पोरे कबड्डी खेळतात. त्या तुकड्यावर 'लाथ' हा शब्द तासाभरात पन्नासदा उच्चारला जातो आणि कुणाला राग येत नाही. 'काय लाथ घातली रे!' हे तिथे कौतुक असते. तोच शब्द कुंपणाबाहेर, रिक्षाच्या रांगेत उच्चारून पाहा. पोलीस येतील.

एकच शब्द कुंपणाच्या आत मान आणि बाहेर अपमान कसा होतो, हे मी मराठी शिकवणारी असल्यामुळे मला पुष्कळ दिवस खटकत होते.

शब्दाचे कूळ काही फार गूढ नाही. संस्कृतात 'लत्ता' आहे. हिंदीत त्याची 'लात' झाली आणि आम्ही शेवटी एक हकार मिसळून 'लाथ' केली. जोरही वाढवला, असे मला तरी ऐकताना वाटते. वर्तमानपत्रांना हा शब्द गावठी वाटतो, म्हणून ती 'लत्ताप्रहार' लिहितात. पण मार खाणाऱ्याला तेवढाच लागतो. त्याच कुळातून लाथाडणे आले, लाथाबुक्क्या आल्या आणि राजकीय पक्षांना वर्षभर पुरणारी 'लाथाळी'ही आली. वाक्प्रचार पाहावेत तर त्यांच्यात एकवाक्यता नाही. भरल्या ताटाला लाथ मारणारा मूर्ख ठरतो. पण परक्या सरकारच्या नोकरीला लाथ मारणारा देशभक्त ठरतो. कुणाच्या पोटावर लाथ मारणे हे पाप, आणि 'लाथ मारीन तिथे पाणी काढीन' ही मर्दुमकी. दुभत्या गाईच्या लाथा तर आम्ही गोडच करून घेतल्या आहेत. व्यवहार कुणाला सुटला आहे?

तरी मूळचा डाग राहतोच. आपल्याकडे पाय हा स्पर्श घेणारा अवयव आहे, स्पर्श देणारा नव्हे. पाय धरावेत, पाय धुवावेत, पायांवर डोके ठेवावे. पण पाय दुसऱ्याला लावू नये. चुकून लागलाच तर त्या माणसाला हात लावून तो हात आपल्या छातीशी न्यायचा, हे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. ते बघूनच शिकते. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार, केरसुणीला लागला तरी नमस्कार. गाडीत खिडकीशी बसलेला गृहस्थ दुसऱ्याच्या बुटाला आपला बूट लागला तरी नकळत हात पुढे करतो. मध्य रेल्वेवर सकाळी आठच्या गर्दीत मी हे स्वतः पाहिले आहे. जिथे माणसे एकमेकांच्या छातीवर कोपर ठेवून उभी असतात तिथे!

आणि गंमत अशी, की आपल्या परंपरेतल्या ज्या दोन लाथा मला सर्वांत मोठ्या वाटतात, त्या दोन्हींचा शेवट गोड आहे. पहिली भृगू ऋषींची. त्यांनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णू उठला आणि उलट ऋषींचेच पाय चेपत म्हणाला, की माझी छाती कठीण, तुमच्या कोमल पायाला इजा तर झाली नाही ना? ती खूण त्याने छातीवर भूषणासारखी मिरवली. पंढरीच्या विठोबाच्या छातीवर श्रीवत्सलांछन आहे म्हणून वारकरी सांगतात ते हेच. दुसरी लाथ कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकातली. तरुण स्त्रीच्या अलंकृत पायाचा आघात झाल्यावाचून अशोकाला बहर येत नाही, अशी जुन्या कवींची समजूत. धारिणी राणी झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावला, म्हणून ते काम तिने मालविकेवर सोपवले. मालविकेने अशोकाला लाथ मारली आणि पाच रात्रींच्या आत झाड फुलले. लाथेने फूल उमलते ही कल्पना मी वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, संजीवनीसारखं!"

त्या मुलाला कालिदास ठाऊक नव्हता. पण कबड्डी ठाऊक होती. आणि त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते.

हा खेळ आपल्याकडे 'हुतूतू' म्हणून वाढला. बंगाल्यांचा तो हाडूडू, तमिळांचा चेडुगुडू. त्याचे जुने प्रकार मुख्यत्वे तीन. 'अमर' प्रकारात गडी बाद होऊन बाहेर जातच नसे, नुसते गुण मांडले जात. 'गामिनी'त बाद झालेला गडी बाहेर गेला की गेलाच. सगळा संघ संपेपर्यंत तो परत येत नसे. आणि 'संजीवनी'त, आपण समोरचा एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आत येई. आजची कबड्डी खेळली जाते ती ह्या संजीवनीच्या वळणाने. म्हणजे चढाईला गेलेल्या पोराची टाच पलीकडच्या कोपऱ्यातल्या गड्याच्या गुडघ्याला निसटती लागते आणि अलीकडे रेषेबाहेर मान खाली घालून बसलेला त्याचा दोस्त ताडकन उठून मैदानात येतो. लाथ एकाला लागते आणि उठतो दुसराच. मालविकेच्या अशोकाहून हे काही कमी नव्हे.

इथेच शब्दाचा अर्थ बदलतो. मराठीत 'पाय लागला' आणि 'लाथ मारली' ह्या दोन क्रियांमध्ये कर्त्याच्या मनाचे अंतर आहे. लागतो तो चुकून, मारतात ती मुद्दाम. कबड्डीने ह्या दोहोंची विलक्षण सांगड घातली. लाथ मुद्दाम मारायची. पण पंच विचारतो तो प्रश्न एवढाच, की लागली की नाही? किती जोरात लागली, ह्याला तिथे शून्य किंमत. अंगठ्याचे टोक घासून गेले तरी गुण एकच, आणि पुरा तळवा छातीवर बसला तरी गुण एकच. उलट दांडगाई केली तर पंच ताकीद देतो, कार्ड दाखवतो, बाहेरही घालवतो. खेळाडूंनी नखे अगदी मुळाशी कापलेली असावीत, अंगावर दागिने नसावेत, अंगाला तेल चोळलेले नसावे, असे नियमच आहेत. नखे कापून मारायची लाथ! म्हणजे जिच्यातून मार काढून टाकला आहे आणि नुसता स्पर्श ठेवला आहे, अशी ती लाथ. नाव मात्र जुनेच राहिले.

इंग्रजांच्या खेळात नेमके उलटे आहे. फुटबॉलमध्ये लाथ खाण्यासाठी एक चामड्याचा चेंडू नेमलेला असतो, आणि माणसाला लाथ मारणे, नव्हे मारण्याचा प्रयत्न करणे, हाच मोठा गुन्हा. त्या गुन्ह्याची शिक्षा तरी काय? आणखी एक लाथ, फ्री किक. आणि गुन्हा गोलासमोरच्या चौकटीत घडला तर पेनल्टी किक: बारा यार्डांवरून एकट्या गोलरक्षकासमोर. ही पेनल्टी काढली आयर्लंडमधल्या मिलफर्ड गावच्या विल्यम मॅक्रम ह्या गृहस्थाने. तो स्वतः गोलरक्षक होता, हे विशेष. आपल्याच जातीवर असे संकट ओढवून घेणारा माणूस विरळाच. त्या वेळच्या इंग्रज सभ्य गृहस्थांना ह्या सूचनेचा राग आला होता. सभ्य माणूस मुद्दाम आगळीक करील ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली. तरी १८९१ साली पेनल्टी नियमात आली. आणि त्याच १८९१ साली आमच्या मुंबईत रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला, आणि पुढे कितीतरी वर्षे तो गोऱ्या पलटणींच्याच घरी फिरत राहिला. भारतीय संघाच्या हाती तो पहिल्याने आला १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम संघाने जिंकला तेव्हा. कूपरेजवर गोऱ्या सोजिरांचे बूट आणि आपल्या पोरांचे अनवाणी पाय ह्यांची जी गाठ पडली, तिच्यातूनच 'किक' हा शब्द मुंबईच्या मराठीत मुरला असावा, असा माझा तर्क आहे.

अनवाणी पायांची ती हौस आपल्याला एकदा फार महाग पडली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक फुटबॉलपटू बूट न घालता उतरले. फ्रान्सशी सामना झाला, आपल्याला दोन पेनल्टी किक मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या आणि सामना २-१ असा गेला. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ अशी धूळ चारली, तेव्हा कुठे आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. मग १९५६ मध्ये मेलबर्नला, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा ह्या गोमंतकीय घराण्यातल्या तरुणाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. इतका वर तो पुन्हा गेला नाही. मुंबईच्या मराठी घरांतून नेव्हिलचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

पुन्हा आपल्या मातीवर येते. कबड्डीत लाथेचे प्रकार बरेच. बसल्यासारखे होऊन एक पाय जमिनीलगत सरळ पुढे सरकवायचा, हा सर्वांत सभ्य. त्याला आता सगळे 'टो टच' म्हणतात. बाजूला तोंड करून आडवा पाय झोकायचा ती साइड किक. अंगाभोवती गिरकी घेत पाय फिरवायचा तो तिसरा. पण खरी लाथ म्हणजे पाठमोरी. इंग्रजी पुस्तके तिला खेचराची लाथ म्हणतात, आणि ज्याने टांग्याचे जनावर बिथरलेले पाहिले असेल त्याला ते नाव पटेल. चढाई करणारा परतीची वाट धरल्यासारखा वळतो. कोपऱ्यावरच्या गड्याला वाटते, हा आता चालला. तो अर्धे पाऊल पुढे सरकतो. त्याच क्षणी चढाईवाला एका पायावर वजन टाकून कमरेतून पुढे वाकतो आणि दुसरा पाय मागे सटकन लांब होतो. धड पुढे झुकल्यामुळे पायाचा पल्ला हाताहून कितीतरी वाढतो. नजर मात्र खांद्यावरून मागे असते. ज्याची नजर सुटली त्याची लाथ हवेत गेली.

आणि हवेत गेलेली लाथ म्हणजे मरणच. पाठ शत्रूकडे, जमिनीवर एकच पाय, दम संपत आलेला, आणि दुसरा घोटा समोरच्याच्या पंजात! मराठीत पाय धरणे म्हणजे शरण जाणे. कबड्डीत पाय धरणाराच जिंकतो आणि ज्याचे पाय धरले तो शरण जातो. हा खेळ रचणाऱ्यांनी भाषेची अशी थट्टा मुद्दाम केली नसेल, पण मराठीच्या तासाला हे उदाहरण मला फार उपयोगी पडते. मुले वाक्प्रचार विसरत नाहीत. ह्या मैदानात आडव्या आखलेल्या रेषेला 'निदान रेषा' असे सुरेख नाव आहे. मध्यरेषेपासून ती पावणेचार मीटरवर असते, आणि चढाईवाल्याने एकदा तरी ती ओलांडली पाहिजे. निदान इथवर तरी ये, मग परत जा! तिच्या पुढे मीटरभर अंतरावर बोनस रेषा. तिथेही पायाचाच हिशेब: एक पाऊल रेषेपलीकडे टेकलेले हवे आणि दुसरे त्याच क्षणी अधांतरी.

खेळाला नियम कसे लागले, ते थोडक्यात सांगते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत साताऱ्या-पुण्याकडच्या मंडळींनी गावोगावचे नियम एकत्र करायला घेतले, आणि १९२३ साली बडोद्याला हिंदविजय जिमखान्याच्या आश्रयाने सुधारलेल्या नियमांप्रमाणे सामने झाले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, ह्या खेळाची प्रात्यक्षिके करून दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि हुतूतू मागे पडून 'कबड्डी' हे नाव रूढ झाले. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांत प्रात्यक्षिक आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकासाठी प्रवेश. ह्या सगळ्या खटपटीत बुवा साळवींचे नाव ठायी ठायी येते. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

ह्या सनावळीत मला एकच गोष्ट थांबून पाहावीशी वाटते. १९२३ साली बडोद्याला आपल्या माणसांनी बसून लिहिले की ह्या खेळात एका माणसाने दुसऱ्याला हाताने शिवावे, पायाने शिवावे, कुठल्याही अवयवाने शिवावे, आणि ज्याने शिवले त्याला गुण द्यावा. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. एकाच देशात, एकाच दशकात, शिवण्याची अशी दोन शास्त्रे होती. कबड्डीने जातिभेद मोडला असे मी म्हणणार नाही. खेळाने तेवढे होत नसते. पण चौकटीच्या आत पंच कुणाची जात विचारू शकत नव्हता, आणि अंगाला लागलेली लाथ अंघोळ करून धुवायची सोय तिथे नव्हती. बाद म्हणजे बाद. बाहेर जाऊन बसा.

उपनगरात हा खेळ आला तो बराचसा गिरणगावाचे बोट धरून. लालबाग-परळच्या चाळींत व्यायामशाळा होत्या, मंडळे होती, गिरण्यांचे संघ होते. १९८२ चा संप झाला, गिरण्या थंडावल्या, आणि माणसे ट्रंका उचलून घाटकोपर, भांडुप, मुलुंडकडे, कांदिवली-बोरिवलीकडे सरकली. पाठोपाठ मंडळांच्या पाट्याही सरकल्या. ज्या वर्षी दिल्लीत कबड्डीचे प्रात्यक्षिक चालले होते, त्याच वर्षी कबड्डी खेळणाऱ्यांच्या चुली विझत होत्या. तेव्हापासून ह्या घरांत खेळ म्हणजे नुसता खेळ राहिला नाही. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र ह्यांचे संघ होते, आणि चांगल्या खेळाडूला तिथे नोकरी लागे. पूर्वी देशभक्त नोकरीला लाथ मारत. आमच्या आळीतल्या मुलांनी लाथ मारून नोकरी मिळवली. त्या एका नोकरीवर दोन बहिणींची लग्ने आणि आईचे डोळ्याचे ऑपरेशन झालेले घर मला माहीत आहे.

मुलींची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्याला सुरू झाल्या; परंतु त्याला सत्तर वर्षे होऊनही घराच्या उंबरठ्यावरचा प्रश्न काही मिटलेला नाही. मागे एकदा आमच्या शाळेत आठवीतल्या एका मुलीची आई तावातावाने आली. शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या म्हणाली, "बाई, तुम्ही पोरीला लाथा मारायला शिकवता? उद्या हिला कोण करून घेईल?" मी काही बोलण्याच्या आत आमच्या खेळाच्या बाई उठल्या. कोकणातल्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "ताई, बसा आधी. ती लाथ मारायला शिकली, तेच बघितलंत. तिला सात जणी मिळून धरतात आणि ती सुटून येते, ते बघायला या शनिवारी."

आई शनिवारी आली. पदर डोक्यावर घट्ट ओढून, मैदानाच्या अगदी कडेला, चपला हातात धरून उभी राहिली. मुलगी तशी सामान्यच खेळत होती. उत्तरार्धात समोर तिघी उरल्या असताना ती चढाईला गेली आणि वळता वळता तिने मागे पाय टाकला. लागला की नाही, मला दिसले नाही. पंचांनी शिट्टी वाजवून बोट वर केले. आईने शेजारच्या बाईला विचारले, "लागली का?" ती हो म्हणाली. "कुठं?" "गुडघ्याला." आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "लांब आहे हो पाय तिचा. बापावर गेली."

लग्नाचा विषय त्यानंतर शाळेत निघाला नाही.

तुम्ही म्हणाल, ही एका शाळेतली गोष्ट. तर मोठी गोष्ट सांगते. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई सामन्यांत भारताच्या महिला कबड्डी संघाला अंतिम सामन्यात इराणने हरवले, २७ विरुद्ध २४. त्या इराणी मुलींना शिकवणाऱ्या बाई नाशिकच्या, शैलजा जैन. आमची विद्या घेऊन आम्हांलाच हरवले म्हणून त्या वेळी काही जणांनी नाके मुरडली. मला तर अभिमान वाटला. केस झाकून, अंगभर पोशाख घालून खेळणाऱ्या त्या मुलींना ज्या बाईंनी खेळ शिकवला, त्यांनी किती उंबरठे ओलांडले असतील! पुरुषांचा संघही त्याच वेळी उपांत्य सामन्यात इराणकडूनच हरला होता, हे नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता माती जात चालली आहे. मोठे सामने मॅटवर होतात. मॅटवर बूट घालावे लागतात. म्हणजे १९५२ नंतर फुटबॉलवाल्यांवर जे आले, ते अर्ध्या शतकानंतर कबड्डीवाल्यांवरही आले. जुने खेळाडू म्हणतात, बुटाने पायाचे डोळे गेले. अनवाणी पायाला कळायचे, की जे लागले ते गुडघ्याचे हाड होते की नुसती चड्डीची कड. नवे खेळाडू म्हणतात, मॅटवर पाय सरकत नाही, चामडी सोलत नाही, उलट जोर घेता येतो. दोघांचेही खरे असावे. पण लाथ कमी झाली, हे मात्र मलाही दिसते. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर व्यावसायिक कबड्डी आली. चढाईला तीस सेकंद, बोनसचा मोह, आणि समोरच्याच्या हाताखालून बुडी मारून निसटण्याची नवी 'डुबकी'. पाठमोरी लाथ घालायला जो निवांतपणा लागतो, समोरच्याला फसवायला जी उसंत लागते, ती आता परवडत नाही. समालोचक तर लाथ म्हणतच नाहीत. 'किक' म्हणतात.

किकेशी माझे भांडण नाही. ती आमच्या घरातलीच झाली आहे. स्कूटरला ती मारावी लागे. पावसाळ्यात तर दहा-दहा. आता बटणाच्या गाड्या आल्या. चहाने किक बसते, आणि ज्यांना चहाने बसत नाही त्यांना दुसऱ्या कशाने बसते. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात फुटबॉलचे मैदान आहे. २०२२ मध्ये आशियाई महिला चषकाचे सामने तिथे झाले, तेव्हा आमच्या शाळेतली पोरे महिनाभर फ्री किक आणि कॉर्नर किक ह्यांखेरीज दुसरे बोलत नव्हती. त्याच संकुलात १९९६ मध्ये मायकेल जॅक्सन नाचून गेला, आणि त्याच्या नाचातली ती हवेत झटकलेली तंगडी पुढे वर्षानुवर्षे गणपतीच्या मिरवणुकीत दिसत राहिली. तीही एक किकच.

पण किक म्हटले की चेंडू डोळ्यांपुढे येतो, आणि लाथ म्हटले की माणूस. चेंडूला लाथ मारणाराला कुणाचे काही द्यावे-घ्यावे लागत नाही. माणसाला लाथ मारून मग त्याच माणसाबरोबर वडापाव खायला जायचे असेल, तर त्या लाथेला निराळी समज लागते, आणि ती समज 'लाथ' ह्याच शब्दाला कबड्डीच्या मैदानावर चिकटलेली आहे.

परवा शाळेच्या मैदानावर मी एक चढाई पाहत होते. सातवीतला एक मुलगा पलीकडे गेला, दोघांना चकवले, एकाच्या मांडीवर टाच टेकवली आणि धावत परत आला. परतताना वेगात त्याचा पाय आपल्याच संघातल्या एका गड्याच्या हातावर पडला. तो थांबला, वाकला, त्या गड्याच्या हाताला स्पर्श करून बोटे छातीला लावली, आणि मग वळून पंचांकडे बघत ओरडला, "सर, लाथ! मांडीवर! एक गुण!"